खांद्यावरचा हात

लॉरेट पिंकमला राग लवकर येतो, हे नॉर्थ हार्लनमधल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे. सत्तावीस वर्षं ती आमच्या गावात टपाल वाटते. पेटीपर्यंत हात पोचावा म्हणून मुद्दाम उजवीकडे स्टिअरिंग असलेली जुनी गाडी, सेहेचाळीस मैलांचा फेरा, रस्त्याकडेच्या चारशे अठरा टपालपेट्या. पेटीसमोरचा बर्फ उपसलेला नसला की ती टपाल परत नेते आणि दुसऱ्या दिवशी घरमालकाला असं काही सुनावते, की तो जन्मात पुन्हा फावडं विसरत नाही. पण एवढ्या वर्षांत तिनं कुणाचं पत्र हरवलं नाही, उघडलं नाही, आणि कुणाला कुठून काय येतं हे सख्ख्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. नवरा बिचारा विचारून विचारून वारला.

त्या बुधवारी सकाळी ती पोस्टात उभी राहून रोजच्यासारखं टपाल लावत होती. जून सुरू झाला होता, पुढच्या मंगळवारी मतदान होतं, त्यामुळे प्रचाराच्या कार्डांचा नुसता पाऊस. तिनं नवा गठ्ठा फोडला, वरचं कार्ड पाहिलं, आणि तिच्या तोंडून अशी शिवी निघाली की पोस्टमास्तर वेनच्या हातातली कॉफी हिंदकळली.

"कोण मेलं?" वेननं विचारलं.

"अजून कुणी नाही," लॉरेट म्हणाली.

कार्ड चांगलं ताटाएवढं, जाड, गुळगुळीत. त्यावर फोटो. खुर्चीत मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपलेला एक माणूस आणि त्याच्याभोवती गुडघाभर बिअरचे रिकामे डबे नि बाटल्या. वर लाल अक्षरं : 'हा तुमच्या मुलांची बस चालवतो. आता याला राजधानीत पाठवायचं?' खाली बारीक अक्षरांत कुठल्याशा 'चांगले शेजारी समिती'चं नाव, पत्ता पार व्हर्जिनियातला, आणि शेवटी, 'या मजकुराला कोणत्याही उमेदवाराची परवानगी नाही.'

झोपलेला माणूस एल्डन लेव्हिट होता. आणि तो फोटो लॉरेटनं स्वतः काढलेला होता.

आता एल्डन म्हणजे कोण, तर आमच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर. विधानसभेच्या जागेसाठी तो आणि क्रेग हॅस्केल, दोघं एकाच पक्षातून उभे होते. त्यातला कुणी एक नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीला जाणार, आणि तो कोण हे पक्षाचेच लोक जूनमध्ये मतं टाकून ठरवणार. भांडण घरातलं. दुसऱ्या पक्षाचा माणूस लांब उभा राहून मजा बघतो, आणि इथे एकमेकांच्या लग्नात नाचलेली माणसं एकमेकांचे कपडे फेडतात.

एल्डन एके काळी प्यायचा. हे गावाला ठाऊक आहे, कारण त्यानंच ग्रेंज हॉलमध्ये, म्हणजे गावच्या सभागृहात, सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून आज बावीस वर्षं थेंबाला शिवला नाही. बस त्याला नंतर मिळाली. तीही गावानं चांगली पाच वर्षं पारखून घेतल्यावर.

आणि तो फोटो? सोळा वर्षांपूर्वीचा. क्रेगची पोरगी तेव्हा अडीच वर्षांची. तिच्या हृदयाला भोक होतं, बोस्टनला ऑपरेशन करायचं होतं. क्रेग तेव्हा कुठला एवढा विम्याचा मोठा माणूस. नुकता धंद्याला लागलेला. आमच्याकडे कुणावर वेळ आली की लोक घरातल्या रिकाम्या बाटल्या नि डबे पोत्यांत भरून हॉलवर आणून ओततात. दुकानात परत दिले की नगाला पाच सेंट मिळतात. कोकच्या, सोड्याच्या, पण मुख्यतः बिअरच्या, कारण लोक पितात तेच आणणार ना! त्या बाटल्या जातवार वेगळ्या करायच्या असतात. ते चिकट, आंबूस काम तीन दिवस, तीन रात्री एल्डननं केलं. दारू सोडलेल्या माणसानं, कोपरापर्यंत बिअरच्या वासात. कुणीतरी म्हणालं, "एल्डन, तुला हे झेपेल का रे?" तर म्हणाला, "भरलेल्या बाटल्यांपेक्षा रिकाम्या बऱ्या. बडबड करत नाहीत."

तिसऱ्या दिवशी तो तिथेच खुर्चीत झोपला. क्रेग बोस्टनहून परत आला होता, पोरगी वाचली होती. तो एल्डनच्या खुर्चीमागे उभा राहिला, एल्डनच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचे डोळे भरून आले. लॉरेटनं तेवढ्यात फोटो काढला. हॉलच्या अल्बममध्ये सोळा वर्षं तो पहिल्या पानावर होता.

कार्डावर क्रेग नव्हता. कापून टाकलेला. फक्त त्याचा हात राहिला होता, एल्डनच्या खांद्यावर, शाळा संपवताना मुलं करून घेतात तसल्या अंगठीचा चौकोनी हिरवा खडा स्पष्ट दिसत होता. बघणाऱ्याला वाटावं, कुणा पिणाऱ्या दोस्ताचा हात आहे.

लॉरेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्या आगीत तिला आठवलं की मार्चमध्ये क्रेगची बायको पॉला तिच्याकडे आली होती. हॉलला सव्वाशे वर्षं होतायत, पुस्तिका काढायची आहे, जरा अल्बम दे ना. लॉरेटनं दिला. स्वतःच्या हातानं दिला. वर रुबार्बच्या मुरंब्याची बरणीही दिली!

"वेन, हा गठ्ठा शेगडीत घालते."

"पैसे भरलेलं टपाल आहे लॉरेट," वेन हळूच म्हणाला. "चारशे अठरा. एक जरी कमी वाटलंस तर नोकरी जाईल, पेन्शन जाईल, वर खटला. तुझे चौदा महिने राहिलेत फक्त."

"मला कायदा शिकवू नकोस. तू हाफ चड्डीत होतास तेव्हापासून वाटतेय."

"आणि ड्युटीवर असताना निवडणुकीबद्दल अवाक्षरही काढायचं नाही. हेही माहीत असेल."

"माहीत आहे म्हणूनच शिव्या इथे देऊन घेतेय," लॉरेट म्हणाली, आणि खरोखरच आणखी दोन-तीन देऊन गाडीत बसली.

त्या दिवशी तिनं चारशे अठरा पेट्यांमध्ये ती घाण टाकली. प्रत्येक पेटीचं झाकण तिनं असं आपटलं की लोकांना वाटलं, हिचं घरी काही बिनसलंय. नदीकाठच्या म्हाताऱ्या मिसेस टिबेट्स पेटीपाशीच उभ्या होत्या. त्यांनी कार्ड बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं.

"अगं बाई! हे खरं का गं लॉरेट? पुन्हा प्यायला लागला?"

लॉरेटच्या ओठांवर आलं होतं सगळं. हात कुणाचा, बाटल्या कुणासाठी, सगळं. गळ्यात टपालखात्याचं ओळखपत्र लटकत होतं.

"आज ऊन छान पडलंय," ती म्हणाली, आणि पुढच्या वळणावर गाडी थांबवून स्टिअरिंगवर दोन्ही मुठी हाणल्या. मौन राखणाऱ्याचा मान असतो म्हणतात. कसला मान! आगीत तेल ओतून पुढे जायचं आणि वर ऊन छान पडलंय म्हणायचं!

मग एल्डनची पेटी आली. निळी, त्याच्या नातीनं रंगवलेली. लॉरेट कार्ड हातात घेऊन बसून राहिली. चारशे सतरा झाली होती. एक खिशात घातलं असतं तर देवालाही कळलं नसतं. पण तिनं ते पेटीत ठेवलं. आपल्याबद्दल गावभर काय गेलंय ते त्याला गावाकडून कळण्यापेक्षा टपालातून कळलेलं बरं, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते तिला स्वतःलाच पटलं नाही.

दुपारी तीनला शाळेच्या अधीक्षकांनी एल्डनकडून बसच्या किल्ल्या काढून घेतल्या. चौकशी होईपर्यंत, म्हणाले. नऊ पालकांचे फोन आले होते. सतरा वर्षांत एक आरसा न फोडलेला ड्रायव्हर आणि नऊ फोन!

ड्युटी संपल्यावर लॉरेट त्याच्याकडे गेली. तो पायरीवर बसून बूट पुसत होता.

"तो फोटो माझा आहे, एल्डन."

"माहीत आहे. त्या दिवशी फ्लॅश डोळ्यावर मारून मला उठवलंस तू."

"अल्बम मीच दिला पॉलाला. माझ्या हातानं."

"तुला काय स्वप्न पडलं होतं?"

"अरे, शिव्या तरी दे मला!"

"कशाला? तुझ्याकडे आधीच भरपूर आहेत." तो हसला, पण ब्रश तसाच हातात राहिला. "लॉरेट, हरण्याचं काही नाही. पण आज मी बस सोडून घरी चालत आलो ना, तर डोहर्टीच्या बाईनं नातवाला हाताला धरून आत ओढलं. बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या पोरांना ओढायची तशी. ते काही... शनिवारी मी हॉलवरच्या जेवणाला येत नाही."

"येणारेस," लॉरेट म्हणाली. "इस्त्रीचा शर्ट घालून येणारेस. नाहीतर मी फरपटत आणीन."

गुरुवारी ती फेऱ्याला निघाली तर पेट्यांवरचे लाल झेंडे उभे. आमच्याकडे पाठवायचं टपाल पेटीत ठेवलं की झेंडा वर करतात, म्हणजे वाटणारी ते घेऊन जाते. एका ओळीत सात-सात झेंडे. आत काय, तर घरबसल्या भरलेल्या मतपत्रिकांची पाकिटं. कार्ड पाहिलं, टेबलावर बसले, खूण केली, चिकटवलं, झेंडा वर. कार्डही तिनंच नेलं आणि त्याचं उत्तरही तिनंच आणायचं! मिसेस टिबेट्सचाही झेंडा वर होता. शुक्रवारी आणखी झेंडे. लॉरेटनं एकूणएक पाकीट नेऊन नगरपालिकेत दिलं आणि पावती घेतली.

शुक्रवारी क्रेग आपल्या ऑफिसच्या दारातच उभा होता, पांढरे दात दाखवत.

"भयंकर आहे गं ते कार्ड! मला तर झोप लागली नाही. पण माझा काही संबंध नाही त्याच्याशी. बाहेरची समिती आहे, कायद्यानं मला त्यांच्याशी बोलतासुद्धा येत नाही."

लॉरेटनं रजिस्टर पत्र पुढे केलं. "इथे सही कर."

त्यानं सही केली. बोटात तीच अंगठी होती.

त्या संध्याकाळी तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा जमिनीवर उपडा केला. लॉरेटनं कधी निगेटिव्ह फेकल्या नाहीत. नवरा हसायचा तिला. सोळा वर्षांपूर्वीची पट्टी पाकिटात तशीच होती. शनिवारी दुपारी शेजारच्या गावातून ती मोठा फोटो करून घेऊन आली, खिडकीच्या तावदानाएवढा.

मतदानाआधीच्या शनिवारी आमच्याकडे ग्रेंज हॉलवर घेवड्याचं जेवण असतं. आदल्या दिवशी खड्ड्यात निखाऱ्यांवर हंडे पुरायचे, आत घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस आणि काकवी. दोघं उमेदवार हंड्याच्या दोन बाजूंना उभे राहतात, एकमेकांना पहिलं ताट वाढतात, हंड्यावरून हात मिळवतात. लॉरेट फोटो काढते. तो भिंतीवर लागतो, खाली दोघांची नावं आणि वर्ष. चाळीसएक वर्षांचे फोटो आहेत. आणि स्वयंपाकघराच्या दारावर पाटी आहे : 'या छपराखाली शेजाऱ्याबद्दल वाईट बोलायचं नाही.' पाटी सांभाळायला मिसेस डोर. वय एक्याऐंशी, पक्षाच्या अध्यक्षा, आणि हॉलमधल्या निम्म्या लोकांना त्यांनीच पाढे शिकवलेले.

हॉल गच्च भरला होता, पण आवाज चमच्यांचाच. एल्डन इस्त्रीच्या शर्टात आला तेव्हा लोकांनी ताटांत बघायला सुरुवात केली. क्रेगनं हंड्यावरून हात पुढे केला. आणि एल्डन म्हणजे एल्डनच, त्यानंही केला.

"लॉरेट, कॅमेरा," मिसेस डोर म्हणाल्या.

"नाही काढणार."

"काय?"

"हा फोटो मी आधीच काढलाय, मिसेस डोर. सोळा वर्षांपूर्वी." तिनं कागद सोडला आणि मोठा फोटो हंड्याशेजारी गोडाच्या टेबलावर उभा केला. "बघा सगळ्यांनी. कार्डावर अर्धा होता, हा पूर्ण आहे. खांद्यावरचा हात ओळखा. अंगठी बघा, आणि मग क्रेगच्या बोटाकडे बघा!"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "लॉरेट, जेवणाची जागा आहे ही."

"जेवा की! त्या बाटल्या कुणासाठी वेचत होता हा माणूस, तेवढं सांगते, मग जेवा. क्रेग, तू सांगतोस की मी सांगू?"

मिसेस डोरनी पळी हंड्यावर आपटली. "लॉरेट पिंकम! पाटी वाच!"

"रोज वाचते. छपराखाली बोलायचं नाही, एवढंच लिहिलंय. छपराबाहेर टपालात घालून घरोघर पाठवायचं नाही, असं लिहायचं राहिलं. यानं नेमकी तेवढी फट शोधली!"

"हे सभ्यपणाला धरून नाही," मिसेस डोर म्हणाल्या, आणि हॉलभर माना हलल्या.

मला त्या हललेल्या मानांचा जेवढा संताप येतो तेवढा क्रेगचाही येत नाही. चार दिवस ते कार्ड ह्याच लोकांच्या फ्रिजवर, टेबलावर पडलं होतं, तेव्हा एकाचीही मान हलली नाही. मऊ आवाजात गळा कापला तर चालतो. ज्यानं आरडाओरडा केला तो असभ्य!

क्रेगचा चेहरा लालबुंद झाला होता. "मी सांगितलंय, माझा संबंध नाही. फोटो पॉलानं पुस्तिकेसाठी घेतला होता. पुढे कुणी कुणाला दिला मला काय—"

"माझं नाव घेऊ नकोस," पॉला म्हणाली. ती पाव कापत होती. सुरी तिनं खाली ठेवली. "तूच म्हणालास, अल्बम आण. पुस्तिका कसली, अजून एक पान छापलेलं नाही." तिनं एप्रन सोडला, घडी केली, आणि हॉलमधून निघून गेली.

मग एल्डननं पळी उचलली. ताटात घेवडा वाढला, शेजारी पावाचा तुकडा ठेवला, आणि रिवाजाप्रमाणे पहिलं ताट क्रेगपुढे धरलं.

"पोरगी कशी आहे रे?" त्यानं विचारलं.

"बरी आहे. पोर्टलंडला, कॉलेजात."

"धावते-बिवते?"

"धावते. शर्यतीत पळते."

"मग झालं," एल्डन म्हणाला. "तेवढ्यासाठीच बसलो होतो तीन दिवस."

क्रेगनं ताट घेतलं. दुसरं करणार काय होता? ताट हातात धरून तो उभा राहिला.

सोमवारी सकाळी अधीक्षकांनी एल्डनला बसच्या किल्ल्या परत दिल्या. साठ पालकांचे फोन आले म्हणे. मंगळवारी मतदान झालं. केंद्रावर येऊन मत देणाऱ्यांत एल्डन साठ मतांनी पुढे होता. मग टपालानं आलेली पाकिटं मोजली. एल्डन एक्केचाळीस मतांनी पडला. मिसेस टिबेट्स नगरपालिकेत जाऊन रडल्या, माझं पाकीट परत द्या म्हणाल्या. पाकीट परत मिळत नाही. लॉरेटनं पावती घेतलेली होती.

गुरुवारी पोस्टात नवा गठ्ठा आला. जाड, गुळगुळीत कार्डं, क्रेगचा हसरा फोटो. 'सभ्य आणि शेजारधर्माला शोभेल अशा प्रचाराबद्दल सर्वांचे आभार.' चारशे अठरा. वेननं कॉफीचा कप लांब सरकवून ठेवला. लॉरेटनं शिवी दिली नाही. तिनं सगळी वाटली, निळ्या पेटीतसुद्धा.

फेरा संपल्यावर तिनं ओळखपत्र गळ्यातून काढून गाडीत टाकलं आणि हातोडी घेऊन हॉलवर गेली. मिसेस डोर एकट्याच खुर्च्या लावत होत्या. भिंतीवर या वर्षीची जागा मोकळी होती. लॉरेटनं खिळा ठोकला आणि तो मोठा फोटो टांगला. झोपलेला एल्डन, भोवती बाटल्या, मागे डोळे भरून आलेला क्रेग, खांद्यावर त्याचा हात.

"हा या वर्षीचा नाही," मिसेस डोर म्हणाल्या.

"या वर्षीचाच आहे. नोव्हेंबरला तो निवडून येईल. मग दर जूनला त्याला इथे यावं लागेल, ह्याच्याखाली बसून घेवडा खावा लागेल, आणि लोकांशी गोड बोलावं लागेल. काढायला सांगताय?"

मिसेस डोर फोटोच्या जवळ गेल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग कानामागची पेन्सिल काढली, आणि पाढे शिकवायच्या त्या जुन्या वळणदार अक्षरांत दर वर्षीसारखं चौकटीखाली लिहिलं : एल्डन लेव्हिट, क्रेग हॅस्केल. पुढे वर्ष घातलं, याच वर्षीचं.

"खिळा पक्का आहे ना गं?" त्यांनी विचारलं.

"मी ठोकलाय," लॉरेट म्हणाली.